नकलेचा अर्ज नाही, तिकीट नाही: कंबोडियाच्या न्यायालयाचं ऑनलाइन दप्तर

जिल्हा न्यायालयात लघुलेखक म्हणून नोकरी झाली. आता राजापूरच्या बाजूला गावी असते. आंबा आटपून पाऊस लागला की वाचन. पुतणी रत्नागिरीत वकिली करते, तिने ईसीसीसीची वेबसाइट उघडून दिली. "आत्ये, बघ, तुझ्याच धंद्यातलं आहे." तेव्हापासून हाच नाद. सून म्हणते, लोक सिरियल बघतात, तुम्ही साक्षी वाचता.

ईसीसीसी म्हणजे ख्मेर रूजच्या, म्हणजे पोल पॉटच्या कम्युनिस्ट राजवटीतल्या गुन्ह्यांसाठीचं कंबोडियातलं विशेष न्यायालय. १९७५ ते १९७९ ह्या काळात तिथे सतरा लाखांहून जास्त माणसं उपासमारीने, राबून राबून किंवा मारली जाऊन गेली. २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांशी करार झाला, २००६ मध्ये काम सुरू झालं. कंबोडियन आणि परदेशी न्यायाधीश एकाच बाकावर. खर्च ३३ कोटी डॉलरच्या वर आणि शिक्षा लागली ती तिघांना. ह्यावर लोकांनी भरपूर तोंडसुख घेतलंय. मी दप्तराबद्दल लिहिते, कारण माझं आयुष्य दप्तरात गेलं.

आमच्याकडे नक्कल म्हणजे अर्ज, कोर्ट फीचं तिकीट, आणि "पुढच्या आठवड्यात बघू". इथे निकालपत्र, साक्षी, आदेश फुकट उतरवून घेता येतात, ख्मेर, इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये. प्रत्येक पानावर डोक्याला क्रमांक, त्यामुळे संदर्भ शोधायला त्रास नाही. ज्याने कोणी ही पद्धत बसवली त्याला मी चहा पाजीन.

सुरुवात खटला क्रमांक ००१ पासून करा. आरोपी काइंग गुएक इआव ऊर्फ डुच, मूळचा गणिताचा मास्तर, नंतर राजधानी नॉम पेन्हमधल्या एस-२१ तुरुंगाचा प्रमुख. तुरुंग म्हणजे तुओल स्लेंगची शाळा. तिथे किमान १२,२७२ माणसं संपवली, असा न्यायालयाचा निष्कर्ष आहे. हा आकडा निघाला कुठून? तर तुरुंगाच्याच कागदांतून. आलेल्यांच्या याद्या, फोटो, कबुलीजबाब, आणि त्यावर डुचच्या हस्ताक्षरातले शेरे. जानेवारी १९७९ मध्ये व्हिएतनामी फौजा शहरात शिरल्या, हे लोक पळाले आणि कागद तिथेच राहिले. ते कबुलीजबाब लिहिणारा, टंकणारा कोणीतरी कारकूनच असणार. ते पान वाचल्यावर मी लॅपटॉप मिटून विहिरीवर जाऊन आले.

साक्षी मात्र वाचाच. आपल्याकडे साहेब साक्षीचा मथितार्थ सांगतात आणि तो टंकला जातो, रडणं-अडखळणं गळून जातं. इथे प्रश्न आणि उत्तर शब्दशः आहे. वान नाथ हे चित्रकार पोल पॉटची चित्रं काढून दिली म्हणून वाचले होते. भूक इतकी की वरून पडलेले किडे खात होतो, असं ते सांगतात. साक्षीदाराचा बांध फुटला की न्यायाधीश त्याला सावरायला सांगतात, तेही छापलंय. डुच खटलाभर माफी मागतो आणि नोव्हेंबर २००९ मध्ये, अगदी शेवटच्या दिवशी, मला सोडा म्हणतो. २०१० मध्ये ३५ वर्षं, २०१२ मध्ये अपिलात जन्मठेप.

भरपाईचा भाग वाचून मी थांबले. ह्या न्यायालयात पीडित स्वतः पक्षकार होऊ शकत होते, ही मोठीच गोष्ट. पण पैशाची भरपाई कोणालाच नाही. ००१ मध्ये मिळालं काय? निकालपत्रात नावं, आणि डुचच्या माफीच्या विधानांचं संकलन न्यायालयाच्या वेबसाइटवर. म्हणजे ही वेबसाइट हीच त्या लोकांची भरपाई. काही अर्जदारांना तर तुम्ही पक्षकार ठरत नाही, हे निकालाच्याच दिवशी कळलं. अपिलात त्यांतल्या थोड्यांना परत घेतलं. एवढी भरपाई ज्या पानावर आहे ते पान कधी बंद पडता कामा नये, एवढीच माझी त्यांच्याकडे मागणी.

तक्रारी आहेत. शोध घ्यायचं खोकं माझ्याशी पटवून घेत नाही, दस्तऐवजाचा क्रमांक माहीत असला तरच बरं. फायली जड, आणि आमच्याकडे पावसात लाइट कधी जाईल ह्याचा नेम नाही. खरी तक्रार ००३ आणि ००४ ची. ते खटले सुनावणीपर्यंत पोचलेच नाहीत, देशी आणि परदेशी न्यायाधीशांची मतं फुटली. आणखी खटले नकोत हे तेव्हाचे पंतप्रधान हुन सेन उघड बोलत होते. ह्या न्यायालयाने देशातली इतर न्यायालयं सुधारतील, ही आशा होती. १६ नोव्हेंबर २०१७ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मुख्य विरोधी पक्ष विसर्जित केला. बरोबर वर्षाने, त्याच तारखेला, ईसीसीसीत ख्मेर रूजचे बडे नेते नुओन चिआ आणि खिउ सम्फान नरसंहारासाठी दोषी ठरले. दोन्ही इमारती एकाच शहरात.

माझ्याकडून चार तारे. ओरोस-रत्नागिरीच्या नव्या वकिलांनी अपिलाचा निकाल आधी उतरवून घ्यावा, मूळ निकाल नंतर. इंग्रजी सोपं आहे. रात्री उशिरा फाईल लवकर उतरते. सगळं झेरॉक्सवाल्याकडून काढायला जाऊ नका, त्याचं मशीनही गरम होतं आणि तोही.