घोट्यासाठी मॅन्युअल थेरपी : सात महिन्यांनंतर

गेल्या जुलैत करी रोड स्टेशनच्या ओल्या जिन्यावर उजवा पाय मुरगळला आणि घोट्याच्या बाहेरच्या हाडाला, फिब्युलाला, चीर गेली. सहा आठवडे प्लास्टर. ते निघालं तेव्हा पाऊल लाकडासारखं घट्ट. जिना चढता यायचा, उतरताना मात्र प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवावे लागत आणि मागे लोकलमधून उतरलेली गर्दी.

आधी एका ठिकाणी दहा वेळा जाऊन आले. शेक, मशीन, पुन्हा शेक. घोट्याला कुणी हातच लावला नाही. पैशांपेक्षा ते वाया गेलेले आठवडे जास्त लागले मनाला.

ऑक्टोबरपासून परळला एका फिजिओथेरपिस्टकडे मॅन्युअल थेरपीसाठी, म्हणजे हातांनी सांधा मोकळा करून घ्यायला, जातेय. तिने हाडं जुळल्याचा एक्स-रे आधी मागितला. मग भिंतीसमोर उभं केलं : टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा, अंगठा भिंतीपासून किती लांब राहतो ते बघू. चांगला पाय 10 सेंटीमीटर, दुखरा 2.

नडगी पुढे झुकते तेव्हा घोट्यातलं टॅलस हे हाड मागे सरकावं लागतं. त्याला एकही स्नायू चिकटलेला नसतो, म्हणून नुसता जोर लावून ते सरकत नाही. ती अंगठा आणि तर्जनीमधला भाग घोट्याच्या पुढच्या बाजूला टेकवून लयीत मागे दाबायची. पुढे पाय स्टुलावर, नडगीमागून पट्टा, आणि ती पट्टा ओढत असताना मी गुडघा पुढे न्यायचा. ही न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट ब्रायन मलिगन यांची पद्धत. यात दुखता कामा नये. "ताई, सोसू नका, दुखलं की सांगा," असं म्हणून ती पट्ट्याची दिशा बदलायची. चोळून रडवलं की पाय सुटतो असं आमच्या घरी मानतात, मीही मानायचे.

पहिल्याच दिवशी 2 चे 3 झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सव्वादोन! फक्त हातांवर विसंबणाऱ्यांनी हे नीट ऐका. हाताने सुटलेला सांधा त्याच दिवशी वापरला तर टिकतो. म्हणून ती टेबलावरून उतरवून लगेच पायरीवरून सावकाश उतरायला लावायची, घरी रोज दोनदा पोटरीचा ताण. डिसेंबरात भाचीच्या लग्नाला आठ दिवस गावी गेले, व्यायाम बुडाला आणि 6 वरून 5 वर आले.

एका वेळेचे 800 रुपये. पहिले दोन महिने आठवड्यातून दोनदा, आता महिन्यातून एकदा. मला ते वसूल झाले. पोटरी अचानक सुजून गरम झाली तर मात्र थेरपीला नाही, तडक डॉक्टरकडे जा.

आज 8.5 सेंटीमीटर. करी रोडचा जिना एका पायरीवर एक पाय टाकत उतरते. सकाळची पहिली चार पावलं अजून जड. उकिडवं बसले की उजवी टाच उचलली जाते, म्हणून नारळ खवायला पाट घ्यावा लागतो.