भ्रूण साठवण सेवा: लॅबला पूर्ण गुण, संमतिपत्राला नाही

पाचपैकी तीन तारे देते आहे. उरलेले दोन एका कागदामुळे गेले.

लॅबच्या कामाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. आमचं आयव्हीएफ याच क्लिनिकमध्ये झालं, मुलगी झाली, आणि उरलेले तीन भ्रूण उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये इथेच ठेवलेले आहेत. भ्रूण ज्या बारीक नळीत ठेवतात त्या प्रत्येक स्ट्रॉवर आम्हा दोघांची नावं आणि क्रमांक असतो, प्रत्येक टप्प्यावर दोन जण पडताळून सही करतात. भ्रूणांचे पाचव्या दिवसाचे फोटो दाखवताना एम्ब्रियॉलॉजिस्टनी, म्हणजे लॅबमधल्या भ्रूणतज्ज्ञांनी, सगळं नीट उलगडून सांगितलं. आतला पेशींचा पुंजका, ज्यातून बाळ घडतं, तो कुठे आहे. आणि बाहेरचा थर, ज्यातून वार तयार होते, तो कुठला. नुसते आकडे सांगून बोळवण केली नाही.

पण संमतिपत्र हातात पडलं ते स्त्रीबीजं काढायच्या दिवशी सकाळी, मी गाऊन घालून भूल देणाऱ्या डॉक्टरांची वाट पाहत असताना. उरलेल्या भ्रूणांचं काय करायचं? पुढे चार चौकोन: साठवण चालू ठेवा, दुसऱ्या जोडप्याला द्या, संशोधनाला द्या, नष्ट करा. माणसाचं आयुष्य कधी सुरू होतं, हा प्रश्न त्या चौकोनांच्या मागे उभा आहे. ज्यूंच्या परंपरेत चाळीस दिवसांची मर्यादा सांगितली आहे, अनेक इस्लामी विद्वान एकशेवीस दिवस मानतात, कॅथलिक चर्च फलनापासूनच संरक्षण मागतं. शतकानुशतकं ज्यावर एकमत झालं नाही, ते सही करण्यापुरत्या वेळात ठरवायचं! आम्ही ‘साठवण चालू ठेवा’वर खूण केली, कारण तेवढीच एक गोष्ट नंतर बदलता येणारी होती.

ज्यांच्यासाठी एक तारा जास्त द्यावासा वाटतो, त्या काउन्सेलर बाई नंतर भेटल्या. माझा नवरा म्हणतो, फलन झालं की नवा माणूस सुरू झाला. त्याची जनुकं तेव्हाच ठरतात. बाईंनी त्याला खोडून काढलं नाही. त्यांनी फक्त डॉली या क्लोन केलेल्या मेंढीची आठवण करून दिली. १९९६ साली जन्मलेल्या त्या मेंढीच्या बाबतीत फलन झालंच नव्हतं. एका प्रौढ मेंढीच्या कासेतली पेशी, केंद्रक काढून टाकलेलं स्त्रीबीज, आणि त्यातून उभा राहिलेला पूर्ण जीव. तिला पुढे कोकरंही झाली. उद्या अशा मार्गाने माणूस जन्मला, तर त्याची सुरुवात कुठून धरायची? जनुकं तर आधीच दुसऱ्याची. नवरा बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, ‘म्हणजे माझं कारण अपुरं आहे, पण त्या तिघांबद्दल मला जे वाटतं ते बदलत नाही.’ मला ते फार प्रामाणिक वाटलं.

माझं मत चौदाव्या दिवसाकडे झुकतं. साधारण तेव्हा भ्रूणावर आदिम रेषा, म्हणजे शरीराची पहिली आखणी दाखवणारी रेघ, उमटते आणि त्यानंतर एका भ्रूणाची सहसा जुळी होत नाहीत. जो अजून एक की दोन हेच ठरलेलं नाही, त्याला व्यक्ती म्हणणं मला जड जातं. ब्रिटनमधल्या वॉर्नक समितीने १९८४ मध्ये प्रयोगशाळेत भ्रूण वाढवण्यासाठी हीच मर्यादा सुचवली आणि १९९० मध्ये तिथे तसा कायदा झाला. पण व्यक्ती नाही म्हणजे वाटेल ते करायला मोकळीक, असं मी मानत नाही.

म्हणूनच ‘संशोधनाला द्या’ हा चौकोन मला सर्वांत खटकतो. आत काय काय येतं? नव्या तंत्रज्ञांचा सराव? मूलपेशी, म्हणजे ज्यांतून शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी घडू शकतात त्या, काढणं, ज्यात भ्रूण संपतो? क्लोनिंग? बाईंनी स्पष्ट केलं की क्लोनिंगला लागतात ती स्त्रीबीजं, गोठवलेले भ्रूण नव्हेत. मग न फळलेल्या स्त्रीबीजांचं काय होतं, हे फॉर्मवर कुठेच का नाही? डॉलीसाठी २७७ स्त्रीबीजांत पेशी जोडल्या, त्यातून २९ भ्रूण बनले आणि कोकरू एकच जन्मलं. माणसाच्या बाबतीत जन्मासाठी असा प्रयोग करणं म्हणजे कित्येक बायकांची शरीरं आणि कित्येक अपुरे गर्भ पणाला लावणं. त्याला माझा ठाम नकार आहे. रोग समजून घेण्यासाठी मूलपेशींवर काम होणार असेल, तर मी विचार करीन. नवरा करणार नाही. एकाच चौकोनात हे सगळं कोंबलं की आम्हा दोघांनाही नाहीच म्हणावं लागतं.

जोडीदार वारला किंवा दोघं वेगळे झाले तर काय, यावरही फॉर्म गप्प आहे.

इथे उपचार घ्यायला माझी हरकत नाही, उलट लॅबसाठी मी हेच क्लिनिक सुचवीन. फक्त पहिल्याच भेटीत संमतिपत्राची प्रत मागून घरी न्या, काउन्सेलरची वेळ स्त्रीबीजं काढण्याच्या आधीची घ्या, आणि ‘संशोधन’ म्हणजे नेमकं काय ते लेखी मागा. दिलेली संमती कोणत्या टप्प्यापर्यंत मागे घेता येते, हेही त्यातच लिहून घ्या.