भाऊचा धक्का ते मोरा: घड्याळाआधी तिथी बघा

उरणकरांना दक्षिण मुंबई अजूनही पाण्यावरूनच जवळ पडते. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच साधारण पाऊण तासात मोरा बंदराला लागते, तिथून उरण शहर तीनेक किलोमीटर. जानेवारी २०२४ मध्ये उरणची लोकल आणि अटल सेतू एकाच दिवशी सुरू झाले. तरीही काम माझगाव, डोंगरी, मशीद बंदर भागात असेल तर रेल्वेच्या वळशापेक्षा ही लाँच कधीही बरी. फक्त वेळापत्रकावर पूर्ण भिस्त ठेवू नये, कारण मोऱ्याचा गाळ.

मोरा बंदरात गाळ इतका साचतो की मोठ्या ओहोटीला जेट्टीपाशी लाँच तरंगण्याइतकंही पाणी उरत नाही आणि फेऱ्या दोन-तीन तास बंद पडतात. ही वेळ आधी काढता येते. कोकणातला जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती; त्याच्या सहा तास आधी-नंतर ओहोटी. वेळ थोडीफार इकडेतिकडे होते, पण बेत आखायला एवढं पुरतं. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास येते, म्हणजे ओहोटी नेमकी सकाळी आणि संध्याकाळी, नोकरदारांच्या वेळेला! त्यात उधाणामुळे पाणी नेहमीपेक्षा जास्त ओसरतं. या तिथींना आणि पुढचे दोन-तीन दिवस संध्याकाळची लाँच गृहीत धरू नका. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो. तेव्हा अडचण क्वचितच.

भाऊच्या धक्क्याचा जन्मच चिखलापायी झाला, हे इथे सांगायलाच हवं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोकणातून आलेल्या माणसांना गलबतातून उतरून चिखल तुडवत किनारा गाठावा लागे. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, म्हणजेच भाऊ रसूल, यांनी भराव घालून धक्का बांधला आणि लोकांनी त्यांचंच नाव त्याला दिलं. मुंबईच्या बाजूचा प्रश्न भाऊंनी तेव्हा सोडवला. मोऱ्याच्या बाजूला आजही गाळ उपसायचा आणि तो पुन्हा भरायचा, असंच चाललंय. जेट्टी खोल पाण्यापर्यंत न्यायला हवी. रोज ये-जा करणाऱ्यांची ही मागणी अगदी रास्त आहे.

धक्क्याला जायला हार्बरचं डॉकयार्ड रोड स्टेशन सोयीचं. चालत वीसेक मिनिटं. वाटेत मासळीबाजार लागतो, जमीन ओली असते, तेव्हा घट्ट पकडीच्या चपला घाला. पाणी उतरलेलं असताना शेवाळलेल्या पायऱ्यांवरून खाली जावं लागतं, कधी एका लाँचमधून दुसरीत पाय टाकावा लागतो. लहान मूल किंवा वयस्कर माणूस सोबत असेल तर खलाशाला आधीच सांगा, ते हात देतात. मागच्या बाजूला इंजिनाचा धूर येतो. मोऱ्याकडे जाताना डावीकडे बसलात तर जवाहर द्वीप आणि घारापुरी नीट दिसतात. पावसाळ्यात उजव्या अंगाने लाटांचे तुषार येतात.

पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद असते, मोऱ्याची मात्र वाढीव तिकिटात चालू राहते. तीन नंबरचा बावटा, म्हणजे बंदरावरचा वादळी हवेचा इशारा, लागला की हीही थांबते, आणि ते योग्यच आहे. १७ जुलै १९४७ रोजी याच धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळी समुद्रात काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. पाणी आत आल्यावर प्रवासी घाबरून एका अंगाला धावले होते. म्हणून लाँच हलली तरी जागा सोडू नका. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या लाँचचा अपघात झाला, तेव्हापासून लाइफ जॅकेटचा आग्रह वाढलाय. ते नुसतं मांडीवर न ठेवता बंद बांधून घाला.

रेवसची लाँचही इथूनच सुटते, पण तिला सव्वा ते दीड तास लागतो आणि पुढे अलिबागला एसटी धरावी लागते. गाडी न्यायची असेल तर धक्क्यावरून मांडव्याची रो-रो आहे. २०२० पासून चालू असलेली ही बोट मोठी आणि स्थिर आहे, तासाभरात पोचते. ज्यांना लाँचमध्ये मळमळतं त्यांनी तीच घ्यावी.