शिफारसपत्र कोणाकडून घ्यावे? पुण्यातील एका सल्लागार सेवेचा अनुभव

परदेशात एलएल.एम. ही कायद्याची पदव्युत्तर पदवी करण्यासाठी अर्ज भरताना मी पुण्यातील एका सल्लागार संस्थेची सेवा घेतली. संपूर्ण अर्जाचे त्यांचे पॅकेज न घेता, केवळ शिफारसपत्रांचे मार्गदर्शन मी १८,००० रुपये भरून घेतले, कारण निबंध आणि गुणपत्रिका यांचे मला स्वतःला पाहता येणार होते. पत्र कोणाकडे मागावे, हे मात्र ठरत नव्हते.

पहिल्याच भेटीत विचारणा झाली, ती ओळखीत कोणी न्यायमूर्ती आहेत का, याची. वडिलांच्या परिचयातील एका निवृत्त न्यायमूर्तींचा उल्लेख करताच त्यांचे नाव यादीत पहिले गेले, त्याखाली आमच्या महाविद्यालयाचे प्राचार्य आले आणि ज्यांच्याकडे मी दोन वर्षे ज्युनियर म्हणून काम केले, त्या उच्च न्यायालयातील सिनियर वकील मॅडम शेवटी राहिल्या. म्हणजे मला जो जितका कमी ओळखतो, तितका तो यादीत वर. आपल्याकडे शिफारस या शब्दाला वशिल्याचा वास चिकटलेला आहे आणि सल्लागारही त्यातून सुटलेले नव्हते. वास्तविक हे पत्र म्हणजे साक्ष असते. २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ६० प्रत्येक विधी विद्यार्थ्याने घोकलेले असे: तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे, ज्याने पाहिले त्यानेच सांगितले पाहिजे. ज्या न्यायमूर्तींनी माझी एक ओळही वाचलेली नाही, त्यांचे पत्र कितीही भारदस्त लेटरहेडवर आले तरी ऐकीव पुराव्यापलीकडे जात नाही.

गंमत अशी, की हे माझ्या ध्यानात आले ते याच संस्थेने दिलेल्या एका तक्त्यामुळे. यादीतील प्रत्येक नावासमोर तीन प्रश्न होते: या व्यक्तीने तुमचे कोणते लेखन वाचले आहे, तुमची कोणती चूक दाखवली आहे, आणि त्यानंतर तुमच्यात झालेला कोणता बदल तिने पाहिला आहे. न्यायमूर्तींची ओळ कोरी राहिली. प्राचार्यांच्या ओळीत एका बक्षीस समारंभाखेरीज काही लिहिता आले नाही. सिनियर मॅडमची ओळ मात्र समासाबाहेर गेली, कारण माझ्या रिट याचिकांचे मसुदे त्यांनी किती वेळा परत पाठवले, याची मोजदादच नव्हती. कंपनी कायदा शिकवणारे सर यादीत नव्हतेच. ज्यांनी माझा शोधनिबंध दोनदा लाल शाईने भरून परत केला होता, त्यांचे नाव मी स्वतः घातले.

प्राध्यापक की सिनियर, या प्रश्नाचे उत्तर विद्यापीठागणिक बदलते आणि इथे संस्थेने फारसे कष्ट घेतले नाहीत. केंब्रिजच्या एलएल.एम.साठी दोन्ही पत्रे शैक्षणिक लागतात, ऑक्सफर्डच्या बी.सी.एल. या पदव्युत्तर कायदा अभ्यासक्रमासाठी तीन पत्रे मागितली जातात, आणि अमेरिकेतील येल तर जे.डी. या तिथल्या वकिलीच्या मूळ पदवीच्या अर्जदारांनाही, ज्यांनी तुमचे काम स्वतः तपासले आहे अशा प्राध्यापकांचीच पत्रे श्रेयस्कर असल्याचे सांगते. ज्यांच्या वर्गात साठ विद्यार्थी बसतात, त्या प्राध्यापकांना आपण आठवावे यासाठी तिसऱ्या वर्षापासूनच काही लिहून दाखवणे आवश्यक ठरते. हे मला पैसे भरण्यापूर्वी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

सर्वांत गंभीर आक्षेप मसुद्यांबाबत आहे. संस्थेने दोन पत्रांचे तयार मसुदे पाठवले आणि ‘सरांची फक्त सही घ्या’ असे सुचवले. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ ही आपल्या महाविद्यालयांतील जुनी रीत आहे, हे मान्य. परंतु दोन्ही मसुद्यांत मी ‘मेहनती, जिज्ञासू आणि मनमिळाऊ’ याच क्रमाने होतो. अमेरिकेतील कायदा अभ्यासक्रमांचे बरेचसे अर्ज ज्या एलएसएसी या संस्थेमार्फत जातात, तिथे शिफारस करणाऱ्याला थेट ई-मेल जातो आणि सही केलेले पत्र तो स्वतःच अपलोड करतो. ते अर्जदाराच्या हातून जात नाही. पत्र वाचण्याचा जो हक्क विद्यार्थ्याला तेथील १९७४ च्या कायद्याने मिळतो, तो सोडून द्यावा, हा पुण्यातील संस्थेचा सल्ला मात्र योग्य होता, कारण अर्जदार वाचणार नाही, हे ठाऊक असलेल्या पत्रावर प्रवेश समिती अधिक विश्वास ठेवते.

मी मसुदे बाजूला ठेवले आणि दोघांनाही जुना शोधनिबंध, दोन याचिकांच्या प्रती व मुदतींचा तपशील असलेले दोन पानी टिपण दिले. सरांनी पाच आठवडे घेतले, मॅडमनी चार दिवस.

पाचपैकी दोन गुण, आणि दोन्ही त्या तक्त्याला. न वापरलेल्या मसुद्यांचे पैसे परत मागितले असता, ते पॅकेजचाच भाग असल्याचे उत्तर मिळाले. तक्त्याची प्रत पुढच्या वर्षी अर्ज करणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीकडे आहे.