पिनबॉल कॅबिनेटचा रंग आणि चौदाशे डॉलरची टोपी

पिनबॉलचं मशीन १९६० च्या दशकातलं, गॉटलिब कंपनीचं, एका वेळी एकानेच खेळायचं. शिकागोत बनलेलं आणि शिकागोच्याच एका उपनगरातल्या तळघरात मुक्कामाला. खेळायला ठणठणीत, पण कॅबिनेटचा, म्हणजे बाहेरच्या लाकडी पेटीचा, रंग पिवळटलेला, कोपरे फुटलेले. रंगकामाला ज्याच्याकडे दिलं त्याने १४०० डॉलर सांगितले, ७०० आगाऊ घेतले आणि सहा आठवड्यांचे चार महिने केले. संध्याकाळी अंधार पडल्यावर ब्लँकेटात गुंडाळलेलं कॅबिनेट दारात आलं. उरलेले ७०० उतरवण्याआधीच मागून घेतले. दुसऱ्या दिवशी उजेडात पाहिलं तर वरून कीर्तन, आतून तमाशा.

त्याचं नाव इथे देत नाही. तो काय करतो आणि ते कसं ओळखायचं, एवढंच सांगायचं आहे, कारण या कामातली लबाडी एकदा सँडर फिरला की सिद्ध करणं फार अवघड. मूळ चित्र, मूळ रंग, मूळ मापं सगळी भुकटी होऊन व्हॅक्यूममध्ये जातात. मग "आधी असंच होतं" म्हणायला कुणीही मोकळा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: त्या काळात कॅबिनेटवरची चित्रं छापलेली नसत. आधी सगळीकडे फिका मूळ रंग, मग स्टेन्सिल धरून स्प्रेगनने एकेक रंग, बहुतेक दोन किंवा तीन. हाताने मारलेलं असल्यामुळे मूळ चित्रांच्या कडा किंचित धूसर असतात आणि आजूबाजूला रंगाचा बारीक धुरळा दिसतो. त्या काळच्या गॉटलिब मशिनांवर आणखी एक गोष्ट सापडते, ती म्हणजे वेबिंग. घट्ट रंग कमी हवेच्या दाबावर मारला की तो थेंबांऐवजी तंतूंसारखा उडतो आणि कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी पडते. स्क्रीन-प्रिंटने छापलेली चित्रं आणि स्टिकर पुढच्या काळातले.

ठरलेलं सगळं मेसेजवर लिहिलेलं होतं, आणि पुढे तेच कामाला आलं. जुना रंग लाकडापर्यंत काढणार. बाजूच्या धातूच्या पट्ट्या आधी काढून मग कॅबिनेट रंगवणार. याच मॉडेलच्या कॅबिनेटवरून ट्रेस केलेली स्टेन्सिल वापरणार. वेबिंग करणार. तेलरंग वापरून पूर्ण वाळू देणार. पाचपैकी एकही गोष्ट झाली नव्हती.

पहिला संशय आला तो बॅटरीमुळे. बॅटरी कॅबिनेटच्या बाजूला जवळजवळ टेकवून, आडवा प्रकाश पाडून पाहिलं तर नव्या पांढऱ्या रंगाखाली जुन्या चित्राच्या कडा उंचवट्यासारख्या दिसत होत्या. म्हणजे जुना रंग काढलाच नव्हता, वरवर घासून त्यावरच मारला होता. दोन ठिकाणी पापड उठला होता, सुरकुत्या पडलेला. याचं कारण साधं आहे. तेलरंगाच्या बऱ्याच स्प्रे डब्यांवर लिहिलेलं असतं की दुसरा हात एक तासाच्या आत मारा, नाहीतर थेट ४८ तासांनी. मधल्या वेळात मारला तर नव्या हातातलं द्रावण खालच्या अर्धवट वाळलेल्या थराला फुगवतं आणि सुरकुती पडते. जुना अनोळखी रंग खाली ठेवून घाई केली तरी तेच होतं. मशीन जानेवारीत त्याच्या गॅरेजमध्ये होतं, हीटरशिवाय. हे डबे साधारण १० अंश सेल्सिअसच्या खाली वापरायचे नसतात. शिकागोच्या जानेवारीत गॅरेजचं तापमान किती असतं ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको.

पाय लावायचे बोल्ट सैल केल्यावर आणखी उघडं पडलं. धातूचा पाय रंगाला चिकटून बसला होता आणि सुटताना तळहाताएवढा तुकडा घेऊन आला. खाली आधी लांबी (भेगा भरायची पुट्टी), लांबीखाली जुना रंग, त्याखाली फुटलेलं प्लायवूड. लांबी रंगावर बसत नाही, लाकडावर बसते. फुटलेला कोपरा आधी उघडून आत लाकडाचा गोंद घालायचा, क्लॅम्प लावून रात्रभर ठेवायचा, मग उघड्या लाकडावर दोन भागांची गाडीची लांबी भरायची. पायाचा बोल्ट आवळला की सगळा जोर त्याच कोपऱ्यावर येतो, त्यामुळे वरवरची मलमपट्टी तिथेच आधी तडकते. बरोबर काम असेल तर पाय लावण्याआधी रंगाला किमान दोन आठवडे दिलेले असतात आणि पाय व लाकूड यांच्यामध्ये फेल्टची किंवा प्लास्टिकची चकती असते.

आता चित्रं. डाव्या बाजूची आकृती पुढच्या टोकाला ठीक होती, मागे जाता जाता बारीक होत गेली होती. पुढचा आणि मागचा तोच आकार मोजला तर तीन अष्टमांश इंचाचा फरक. इंटरनेटवरच्या तिरप्या फोटोवरून स्टेन्सिल कापली की असंच होतं. कॅमेऱ्यापासून लांबची बाजू लहान येते, आणि ती लहानच कापली जाते. उजव्या बाजूला तर कमाल केली होती. दोन्ही बाजूंची चित्रं एकमेकांच्या आरशातल्या प्रतिबिंबासारखी हवी होती, याने एकच स्टेन्सिल दोन्हीकडे तशीच वापरली. त्यामुळे एका बाजूचं टोक खेळणाऱ्याकडे आणि दुसऱ्या बाजूचं भिंतीकडे.

कडांवर नख फिरवलं तर करवतीच्या दातांसारखं लागत होतं, आणि आकृत्यांच्या आत पांढऱ्यावर ब्रशने मारलेले डाग होते. हे चुकीच्या फिल्ममुळे. स्टेन्सिलसाठी कमी चिकट फिल्म लागते. ओरामास्क ८१३ ही त्यातली सगळ्यांच्या परिचयाची, निळसर, अर्धपारदर्शक, त्यामुळे खालच्या पेन्सिलच्या खुणा दिसतात. याने वापरलेली होती पाट्यांची कायमस्वरूपी चिकटणारी व्हिनाइल, ओराकल ६५१ च्या जातीची. एक फाटका तुकडा कॅबिनेटच्या आत सापडला, अपारदर्शक आणि चकचकीत. ती ओढली की खालचा कच्चा रंग घेऊनच निघते, मग ब्रशने ठिगळं लावावी लागतात. शिवाय त्याने रंग कडक होईपर्यंत फिल्म तशीच ठेवली असणार. रंग थोडा मऊ असताना, अर्ध्या तासाच्या आत, फिल्म स्वतःवरच मागे दुमडत सपाट ओढली तर कड स्वच्छ कापली जाते. वाळल्यावर ओढली तर कड तुटते.

खालून रंग झिरपू नये यासाठी एक जुनी युक्ती आहे आणि ती न करणाऱ्याला कारागीर म्हणू नये: फिल्म चिकटवल्यावर आधी मूळ रंगाचाच एक पातळ हात मारायचा. काही झिरपलंच तर तो मूळ रंग झिरपतो, कड बंद होते आणि वरचा लाल किंवा निळा आत शिरत नाही. मग रंगाचे दोन पातळ हात, डबा आठ-दहा इंचांवर सरळ धरून. तिरका धरला की रंग कडेखाली ढकलला जातो.

वेबिंग? ते टूथब्रशने झटकलेले ठिपके होते. तंतू एकही नाही. आणि तेही चित्रांच्या वर, कारण आठवण शेवटी झाली असावी. तुमच्या मशीनवर तंतू रंगाच्या खालून जातात की वरून, ते घासण्याआधी भिंगातून पाहून लिहून ठेवा. कारागिराला हा प्रश्न विचारा. ज्याने हे काम केलेलं आहे तो मॉडेल विचारेल किंवा फोटो मागेल. "ते नंतर बघू" म्हणणाऱ्याने कधी केलेलं नाही.

सगळ्यात महाग पडलेली गोष्ट बाहेरून दिसतच नव्हती. मशीनच्या तळाची यंत्रणेची फळी, जिच्यावर रिले (विजेवर चालणारे स्विच) आणि गुणांचे स्विच फिरवणारी स्कोअर मोटर असतात, ती बाहेर न काढताच त्याने सँडर चालवला होता. रिलेच्या बारीक संपर्कबिंदूंवर करडी भुकटी बसली होती. ज्या मशीनचा खेळ ठणठणीत होता ते आता पहिल्या बॉलनंतर अडकायला लागलं. ही फळी प्लग सोडवून मागे ओढली की निघते, प्लगवर टेपचे क्रमांक लावले तर अर्ध्या तासाचं काम. त्यात आणखी एक धोका: अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या कॅबिनेटच्या भुकटीत शिसं असू शकतं. दुकानात चाचणीची काडी मिळते, ती लावल्याशिवाय कोरडं घासू नये. घासायचंच तर पी१०० मास्क (बारीक धूळ अडवणारा) आणि पाणी लावून. लहान मुलं असलेल्या घरात तर नाहीच.

काम देण्याआधी काय करायचं ते आता आम्ही न चुकता करतो. पारदर्शक प्लास्टिकचा जाड कागद कॅबिनेटवर टेपने ताणून परमनंट मार्करने सगळं चित्र ट्रेस करतो, आणि त्यावर फ्लिपरच्या (चेंडू उडवणाऱ्या दांड्याच्या) बटणाचं भोक व पायांच्या बोल्टची भोकं काढतो. पुढे स्टेन्सिल बसवायची ती याच भोकांच्या आधाराने. फोटो काढताना मोजपट्टी कॅबिनेटच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला चिकटवतो, तीन मीटर लांब उभं राहून झूम करतो, जवळून काढला की कडा वाकतात. आणि रंगाचा नमुना घेतो तो उघड्या भागावरून नाही. धातूच्या पट्टीच्या खाली, नाणी टाकायच्या दाराच्या चौकटीमागे, पायाच्या पत्र्याखाली जो रंग असतो त्याला ऊन लागलेलं नसतं. हेड, म्हणजे मागची उभी गुणफलकाची पेटी, उतरवलं की त्याच्या तळाशीही सापडतो. बाहेर फिका गुलाबी दिसणारा रंग तिथे भडक लाल निघतो. रंगाच्या दुकानात यंत्राने जुळवून देतात, नखाएवढा तुकडा पुरतो.

स्टेन्सिल विकणाऱ्याला एकच आकडा विचारा: फ्लिपरच्या बटणाच्या मध्यापासून सर्वांत जवळच्या आकृतीची कड किती इंचांवर आहे? ज्याने खऱ्या कॅबिनेटवरून माप घेतलंय तो दोन मिनिटांत सांगतो. तुमच्या आकड्याशी जुळवा. कारागिराने पाठवलेल्या प्रगतीच्या फोटोंतही बटणाचं भोक, बोल्टचे गंज, कोपऱ्यांचे ओरखडे बघा. आम्हाला आलेल्या सहा फोटोंपैकी चार दुसऱ्याच मशीनचे होते. तेव्हा लक्षात आलं नाही, कारण आपण रंगाकडे बघतो, भोकांकडे नाही.

भावाचा अंदाज असावा म्हणून: दोन बाजू, पुढचा भाग आणि हेडच्या बाजू मिळून रंगवायचं क्षेत्र साधारण २० चौरस फूट. ३४० ग्रॅमच्या डब्यात एका हाताला १२ ते १५ चौरस फूट होतात. म्हणजे मूळ रंगाचे चार डबे आणि प्रत्येक चित्ररंगाचे एक-दोन. त्यात शेलॅकचा प्रायमर, तो पाऊण तासात दुसऱ्या हाताला तयार होतो. आणि ८०, १२०, २२० नंबरचे पॉलिश पेपर. साहित्य काही फार नाही. पैसे जातात ते दिवसांत. त्यामुळे "चार दिवसांत करून देतो" म्हणणारा स्वस्त असो वा महाग, काहीतरी गाळणारच.

पैशांचं काय झालं? पहिले सातशे पेपालवर 'फ्रेंड्स अँड फॅमिली' प्रकाराने गेले, "फी वाचते" म्हणून. त्या प्रकाराला खरेदीचं संरक्षण नसतं, तक्रार तिथेच नाकारली गेली. 'गुड्स अँड सर्व्हिसेस'ने दिले असते तर १८० दिवसांत वाद नोंदवता आला असता. दुसरे सातशे झेल या बँकेतून थेट पैसे पाठवायच्या सेवेने, म्हणजे रोख दिल्यासारखेच. पाच-पंचवीस डॉलर फी वाचवायच्या नादात चौदाशेचं पाणी झालं. क्रेडिट कार्ड असतं तर १९७४ च्या फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्टनुसार बिल आल्यापासून ६० दिवसांत लेखी हरकत घेता आली असती. पैसे टप्प्यांनीच द्यावेत: थोडे साहित्याला, थोडे उघड्या लाकडाचा फोटो आल्यावर (मोजपट्टी आणि बटणाचं भोक दिसेल असा), थोडे मूळ रंग वाळल्यावर, बाकीचे दिवसाउजेडी आडवी बॅटरी मारून पाहिल्यावर.

शिकागोच्या इलिनॉय राज्यात १०,००० डॉलरपर्यंतचा दावा स्मॉल क्लेम्सला, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टात, वकिलाशिवाय लावता येतो. दावा लावला. त्याचं उत्तर: "पट्ट्या काढल्या होत्या, जुना रंग काढला होता, चित्रं मूळचीच तशी होती." चोराच्या उलट्या बोंबा. आमच्याकडे ट्रेसिंग नव्हतं, आधीचे फोटो दिवाणखान्यातले, अर्धवट. पण त्याच्या आळशीपणानेच त्याला अडकवलं. बाजूच्या धातूच्या पट्ट्या त्याने काढल्याच नव्हत्या, मास्किंग टेप लावून त्यांच्या कडेपर्यंत फवारलं होतं. पट्टीचे खिळे उपटल्यावर खाली सव्वा इंच रुंद पट्ट्यात सगळं शाबूत निघालं: मूळ क्रीम रंग, वेबिंगचे खरे तंतू, आणि आकृतीची वरची कड, नव्या आकृतीपासून तब्बल पाऊण इंच पुढे. मोजपट्टी ठेवून काढलेला तो एक फोटो आणि पाच वाक्यांचा मेसेज पाहून त्याने सुनावणीआधी ९०० परत केले.

दुसऱ्यांदा रंगवताना बाकी सगळं लाकडापर्यंत काढलं. स्टेन्सिलची जागा त्या कडेवरूनच ठरवली, क्रीम तिथूनच जुळवला. पट्टीखालचा तो सव्वा इंच मात्र घासला नाही. त्यावर टेप लावला, रंग संपल्यावर टेप काढला आणि पट्टी त्याच भोकांत परत ठोकली.