पहिला म्युझिक व्हिडिओ: जॉनरचा साचा पाळायचा की मोडायचा?

मास मीडियाच्या वर्गात म्युझिक व्हिडिओचं असाइनमेंट आलं की ग्रुपमध्ये दोन तट पडतात. काहींना जॉनरमध्ये, म्हणजे गाण्याच्या त्या प्रकारात, जे चालतं तेच नीट करायचं असतं: रॅप आहे तर गल्ली, कोळीगीत आहे तर होडी. बाकीच्यांना तेच नको असतं, कारण ‘सगळे हेच करतात’. हा आढावा अशा ग्रुपसाठी आहे, ज्याच्याकडे एक कॅमेरा किंवा बरा फोन, चार-पाच माणसं आणि शूटला जेमतेम दोन दिवस आहेत.

माझं मत आधीच सांगतो. साचा उभा करा आणि त्यातला एकच संकेत, म्हणजे त्या प्रकारात हटकून दिसणारी एकच गोष्ट, मोडा. पण तो किरकोळ नको. ज्याच्यावाचून हा प्रकार ओळखूच येणार नाही असं वाटतं, त्यालाच हात घाला.

अभ्यासक्रमातली दोन नावं इथे खरंच कामाची आहेत. माध्यम-अभ्यासक अँड्र्यू गुडविन यांनी १९९२ च्या पुस्तकात म्युझिक व्हिडिओतलं शब्द आणि चित्राचं नातं तीन तऱ्हांनी मांडलं: चित्र शब्दांचंच दर्शन घडवतं, शब्दांत नसलेलं काही वाढवतं, किंवा शब्दांपासून फटकून वागतं. प्रत्येक जॉनरचे स्वतःचे दृश्य संकेत असतात, हेही त्यांनी नोंदवलं. चित्रपट-अभ्यासक स्टीव्ह नील यांचं म्हणणं असं की जॉनर पुनरावृत्ती आणि फरक या दोन्हींवर चालतो. ग्रुपमधले दोन्ही तट यातलं आपल्या सोयीचं अर्धंच उचलतात.

आता कोळीगीत घ्या. साचा सगळ्यांना पाठ आहे. किनाऱ्यावर रांगेत नाचणारा ग्रुप, बायकांच्या अंगावर लुगडी आणि दागिने, पुरुषांच्या कमरेला रुमाल, मागे रंगवलेली होडी, डोक्यावर मासळीची टोपली, शेवटी मावळता सूर्य. हा साचा पाळण्यात कमीपणा नाही. सहा मात्रांच्या झोक्यावर पंधरा जण एकदम वाकतात तेव्हा चाल डोळ्यांना दिसते, आणि ते दिसणं हा या गाण्याचा अर्धा प्राण आहे. नाच बसवायला आठवडा लागेल, कपडे भाड्याने मिळतील, आणि व्हिडिओ कशाचा आहे हे पहिल्या पाच सेकंदांत कुणालाही कळेल.

अडचण कॅलेंडरची आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. पावसाळ्यात शूट करायला गेलात तर बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, काहींवर ताडपत्री, आणि समुद्र खवळलेला. साच्यातली ‘पाण्यावरची होडी’ मिळतच नाही. नारळी पौर्णिमेच्या आसपास सगळं साच्यासारखं दिसतं, पण त्या दिवशी कोळीवाड्यात तुमच्यासारखे कॅमेरेवाले भरपूर असतात आणि घरच्या लोकांना सणाची गडबड असते. साचा पाळायचाच असेल तर दिवाळीनंतरचे महिने धरा. हवा स्वच्छ, बोटी चालू, आणि दुसऱ्या सत्राच्या सबमिशनलाही वेळ.

मोडायचं ठरवलंत तर हाच बंदीचा काळ तुमच्या कामाचा. जाळी दुरुस्त करणारे हात, बोटीला लागणारा रंग, रिकामे बर्फाचे खोके, इंजिनाची डागडुजी. गाणं आनंदाचं, समुद्रावर जाण्याचं, आणि चित्रात समुद्रावर कुणीच नाही. गुडविन ज्याला फटकून वागणं म्हणतात ते इथे आपोआप घडतं आणि खोटंही वाटत नाही. मुंबईत शूट करत असाल तर वरळी कोळीवाडा डोळ्यांसमोर आहे. किनारी रस्त्याच्या पुलाखालून बोटी सुखरूप जाव्यात म्हणून तिथल्या मच्छीमारांनी लढा दिला आणि खांबांमधलं आधी ठरलेलं ६० मीटरचं अंतर १२० मीटर करून घेतलं. कोळीगीताच्या फ्रेममध्ये तो पूल यायचाच नाही, अशी आजवरची समजूत. तो मुद्दाम आणा. नाच तोच, लुगडी तीच, फक्त मागे सूर्याऐवजी काँक्रीट. ‘एकच संकेत मोडा’ म्हणतो ते असं.

एक गोष्ट मात्र मी आग्रहाने सांगेन. साचा पाळा नाहीतर मोडा, कोळीवाड्यातल्या माणसांना विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका. मासळी विकणाऱ्या मावशींचा दिवस धंद्याचा असतो. गर्दीची वेळ उलटून गेल्यावर जा, गाणं ऐकवा, काय करणार ते सांगा, आणि नको म्हणाल्या तर नको. त्यांचे दागिने आणि टोपली हवी, पण त्यांचं म्हणणं नको, असं शूट मला कुठल्याच बाजूने पटत नाही.

रॅपमध्ये साचा वेगळ्या ठिकाणी दडलेला असतो, आणि तिथेच बहुतेक ग्रुप फसतात. ‘गल्ली नको, आपण शेतात शूट करू’ असं ठरतं. मग उसाच्या फडासमोर रॅपर उभा राहतो, मागे पाच मित्र हाताची घडी घालून, कॅमेरा खालून, वाइड लेन्स तोंडाजवळ, बोटं लेन्सकडे रोखलेली. जागा बदलली, साचा जसाच्या तसा राहिला. रॅप व्हिडिओचा खरा आधार गल्ली नाही, नजर आहे. रॅपर थेट लेन्समध्ये बघतो आणि कॅमेरा खाली राहून त्याला मोठं करतो.

तो आधार काढून बघा. तोच मुलगा, तीच गल्ली, तेच मित्र, पण कॅमेरा चाळीच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत. शब्द बढाईचे आणि माणूस वरून मुठीएवढा. किंवा रॅपर मुलगी असेल तर तिला पूर्ण गाण्यात लेन्सकडे बघूच देऊ नका, ती आपलं काम करता करता बोलते आहे आणि कॅमेऱ्याला तिची वाट बघावी लागते आहे. खर्च शून्य. परिणाम मोठा, कारण बाकी सगळं ओळखीचं असतं.

पण रॅपचा साचा पाळणाऱ्यांनी वाईट वाटून घेऊ नये. मुंबईचा रॅपर नेझी याने २०१४ मध्ये ‘आफत’ हे गाणं आयपॅडवर रेकॉर्ड केलं आणि व्हिडिओही त्यावरच शूट केला. गल्ली, मित्र, हातातला कॅमेरा हे संकेत हौसेने नाही, जवळ होतं त्यातून तयार झाले. तुमच्याजवळही तेवढंच असेल तर तो साचा तुमचाही आहे.

कामाच्या हिशोबाने दोन्ही वाटांत मोठा फरक आहे, आणि तो शूटआधीच कळलेला बरा. साच्याची वाट म्हणजे लिप-सिंक, वाजणाऱ्या गाण्यावर गायकाने ओठ जुळवणं. स्पीकरवर गाणं वाजवा, पूर्ण गाणं प्रत्येक अँगलमधून एकदा घ्या, म्हणजे एडिटला कुठूनही कुठेही उडी मारता येते. स्लो मोशनमध्ये ओठ जुळवायचे असतील तर सेकंदाला ५० फ्रेमवर शूट करा, गाणं दुप्पट वेगाने वाजवा आणि २५ च्या टाइमलाइनवर आणा. हालचाल संथ होईल, ओठ गाण्याबरोबर राहतील. गायकाला दुप्पट वेगाची सवय आदल्या दिवशीच करून द्या. एडिटचं गणितही सरळ आहे: १०० बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला १०० ठोक्यांचं, गाणं असेल तर एक ठोका ०.६ सेकंदाचा, म्हणजे २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर बरोबर १५ फ्रेम.

लिप-सिंक काढून टाकलंत की शूट हलकं होतं आणि एडिट जड. गाणारा चेहरा हा कुठलाही खड्डा बुजवणारा शॉट असतो. तो नसला की चार मिनिटांचा प्रत्येक सेकंद दुसऱ्या कशाने तरी भरावा लागतो. दुसऱ्या कडव्यापाशी फुटेज संपतं आणि तेच शॉट परत येऊ लागतात. म्हणून गायक न दाखवायचा निर्णय घेतला तरी एक पूर्ण परफॉर्मन्स टेक घेऊन ठेवाच.

सगळेच संकेत मोडणारी तिसरी वाटही आहे. अमेरिकेतल्या ‘द रिप्लेसमेंट्स’ या बँडने १९८५ च्या ‘बास्टर्ड्स ऑफ यंग’ या आपल्या गाण्याचा व्हिडिओ केला, त्यात जवळपास पूर्ण वेळ फक्त एक स्पीकर दिसतो. म्युझिक व्हिडिओ दाखवणारं एमटीव्ही १९८१ मध्ये सुरू झालं होतं, प्रेक्षकाला बँडचे चेहरे बघायची सवय लागली होती, त्यामुळे तो नकार नकार म्हणूनच पोचला. विद्यार्थ्यांच्या कामात हे क्वचितच साधतं. गुण कॅमेरा, प्रकाश, एडिट यांना असतात, आणि एकाच शॉटमध्ये यातलं काही दाखवायला जागा उरत नाही. शिवाय तुम्ही नकार दिलात की तुम्हाला जमलं नाही, हे बघणाऱ्याला कळायला दुसरा काही पुरावा नसतो.

मग कुणी काय निवडावं? ग्रुपमध्ये कुणीच आधी एडिट केलेलं नसेल तर साचा पाळा, पूर्ण पाळा आणि नेटका पाळा. तालावर कापलेला सरळ परफॉर्मन्स व्हिडिओ अर्धवट प्रयोगापेक्षा केव्हाही चांगला दिसतो. एडिट करणारं माणूस हाताशी असेल आणि गाण्याच्या शब्दांतच काही खटकणारं असेल, तर एक संकेत मोडा. गाण्यात खटकण्यासारखं काही नसेल तर मोडण्याचा हट्ट नको. निव्वळ प्रेमाच्या गाण्यात पाऊस आणि घाट असू द्या.

सबमिशनबरोबर जे लेखी टिपण द्यायचं असतं, त्यात ‘आम्ही जॉनरला आव्हान दिलं’ एवढं वाक्य पुरत नाही. कुठला संकेत पाळला, तो आधी कुठे पाहिला, कुठला मोडला आणि गाण्याच्या कुठल्या ओळीमुळे मोडला, हे शॉटच्या वेळेसकट लिहा. हे टिपण शूटनंतर जुळवण्यापेक्षा शॉटलिस्टबरोबरच लिहून काढा. गाण्यातली ती ओळ दाखवता येत नसेल, तर तो शॉट साच्याप्रमाणेच घ्या.