दिल्लीचं बिल, त्यावर एसजीएसटी, आणि मी सीए

मी सीए आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना हसायचंय त्यांनी इथेच हसून घ्यावं. लोकांची बिलं तपासून मी पोट भरतो, आणि एका खोट्या बिलावर मी स्वतःच्या हाताने ८,४९९ रुपये भरले. नंतर वर आणखी ६५०. ते कसे, ते पुढे येईलच. तो भाग लिहायला जास्त जड जातोय.

मार्चचा तिसरा आठवडा आमच्या धंद्यात कसा असतो ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. बँकेच्या ब्रँच ऑडिटसाठी शाखा मिळालेली, तीही सांगली जिल्ह्याच्या पार टोकाला, आणि १ एप्रिलला सकाळी तिथे हजर व्हायचं. शाखेत आपल्या वाट्याला टेबल येतं ते रेकॉर्ड रूममधलं, नाहीतर स्टाफ जिथे डबा खातो ते. चौदा इंची लॅपटॉपवर कर्जखात्यांची एक्सेल, स्टॉक स्टेटमेंटच्या पीडीएफ आणि एलएफएआरचा (बँक ऑडिटच्या सविस्तर अहवालाचा) फॉर्म असं सगळं एकदम उघडून दिवसभर इकडून तिकडे उड्या मारायच्या. मान जाते, डोकं जातं. म्हणून बॅगेत मावेल असा दुसरा स्क्रीन, म्हणजे पोर्टेबल मॉनिटर, हवा होता. ती चैन नव्हती. (हे वाक्य मी घरी तीनदा म्हटलंय.)

आणि मी काही डोळे मिटून घ्यायला गेलो नव्हतो. आठवडाभर वाचलं होतं. १५.६ इंच, फुल एचडी, आयपीएस पॅनल (बाजूने पाहिलं तरी रंग नीट दिसणारा), वजन पाऊण किलोच्या आसपास. लॅपटॉपचं टाइप-सी पोर्ट नुसतं चार्जिंगचं असेल तर त्यातून चित्र बाहेर जात नाही, त्याला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड लागतो, हेही कळलं होतं. माझ्या लॅपटॉपला तो आहे. म्हणजे वस्तू मला कळत होती. नावाजलेल्या कंपन्यांचे मॉनिटर दहा हजारांच्या पुढे दिसत होते आणि मन तिथेच अडत होतं.

२२ मार्चला रात्री इन्स्टाग्रामवर जाहिरात आली. ‘गुढीपाडवा ऑफर’, तीही शुद्ध मराठीत. एमआरपी १८,९९९ वर फुली, खाली ८,४९९. २के, आयपीएस, एकाच केबलवर चालतो. एक हात लॅपटॉपला केबल लावतो आणि शेजारचा स्क्रीन उजळतो, एवढाच व्हिडिओ. व्हॉट्सॲपवर विचारलं, कॅश ऑन डिलिव्हरी आहे का? ‘सर, सीओडी में हज़ार रुपया एक्स्ट्रा लगेगा.’ इथून पुढचं तुम्हाला पाठ असेल, मी लांबवत नाही.

पण एक गोष्ट लांबवणार आहे, कारण ती मला झोपू देत नाही.

मी बिल मागितलं. सवय. पाच मिनिटांत प्रोफॉर्माची पीडीएफ आली. पत्ता दिल्लीचा. करपात्र रक्कम ७,२०२.५४, सीजीएसटी ९ टक्के ६४८.२३, एसजीएसटी ९ टक्के ६४८.२३, एकूण ८,४९९. पैसा न् पैसा जुळणारी बेरीज. मी ती बेरीज तपासली! आणि मला ते दिसलंही. दिल्लीचा विक्रेता पुण्यातल्या गिऱ्हाइकाला माल पाठवतो तेव्हा आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीचा जीएसटी) लागतो, सीजीएसटी-एसजीएसटी नाही. हे मी आर्टिकलशिपला (सीएच्या हाताखालच्या उमेदवारीला) आलेल्या पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतो. चुकलं की ओरडतो. त्या रात्री मी मनात काय म्हटलं, शब्दशः लिहितो: ‘जाऊ दे, आपल्याला कुठे क्रेडिट घ्यायचंय.’ (क्रेडिट म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी आपल्या करातून वजा करून घेणं.)

जीएसटी नंबर २४ ने सुरू होत होता. २४ म्हणजे गुजरात, दिल्लीचा ०७. तोही नजरेखालून गेला. एचएसएन (मालाच्या वर्गाचा कोड) ८४७१ टाकला होता, मॉनिटर ८५२८ मध्ये येतो. एका पानावर तीन चुका, आणि तपासणारा कोण, तर मी. जीएसटीच्या साइटवर कुणाचाही नंबर लॉगिनशिवाय तपासता येतो, अर्धं मिनिट लागतं. मी तो तपासला ३ एप्रिलला. नोंदणी भलत्याच कुणाच्या नावावर निघाली, आणि तीही रद्द झालेली. तुम्ही सीए असा नाहीतर नसा, पैसे देण्याआधी तो नंबर तिथे टाका.

क्यूआर स्कॅन केल्यावर नाव आलं एका माणसाचं, दुकानाचं नाही. ‘हमारे अकाउंटंट का है सर.’ अकाउंटंट म्हटल्यावर मला तर आपुलकीच वाटली असावी.

बरं, रिकामा खोका किंवा वीट आली असती तरी परवडलं असतं. पोलिसांना दाखवायला काहीतरी असतं. २८ तारखेला पार्सल आलं ते वॉचमनने घेतलं, मी ते २९ च्या रात्री फोडलं आणि व्हिडिओ काढला नाही. आत चक्क मॉनिटर. एचडीएमआय लावली, चित्र आलं. टाइप-सी लावली, काही नाही. विक्रेता म्हणाला, केबल लोकल असेल. मला ते पटलं, कारण चार्जिंगच्या प्रत्येक केबलमधून व्हिडिओ जातोच असं नाही, हे मीच वाचलं होतं. पाडव्याच्या दिवशी दुकान शोधून १,१५० रुपयांची चांगली केबल आणली. तरीही काही नाही. अर्धवट माहिती असलेल्या माणसाला फसवणं सगळ्यात सोपं, तो त्यांची बाजू स्वतःच मांडत बसतो.

एक्सेल उघडली तर आकडे पिठात लोळवल्यासारखे. ३ आहे की ८, कळेना. मान थोडी तिरकी केली की रंग उलटे. पण विंडोजच्या सेटिंगमध्ये मात्र २५६० बाय १४४०, म्हणजे २के, स्पष्ट लिहिलेलं. त्यामुळे दोन दिवस मी माझ्या चष्म्यावर संशय घेत होतो.

हे कोडं नंतर तपकीर गल्लीतल्या एका कारागिराने सोडवलं, ३०० रुपयांत. मागचं झाकण उचकटलं, पॅनलवरचा स्टिकर दाखवला आणि तो नंबर शोधून दिला: जुन्या लॅपटॉपचा टीएन पॅनल (आयपीएसपेक्षा हलका, तिरकं पाहिलं की रंग बिघडणारा), १३६६ बाय ७६८. त्याला एक स्वस्त कंट्रोलर बोर्ड जोडलेला. बोर्ड लॅपटॉपला सांगतो की मी २के आहे, येणारं चित्र गुपचूप लहान करतो आणि पॅनलवर टाकतो. टाइप-सीच्या भोकाला फक्त वीज जोडलेली. ‘सपोर्टेड’ रिझोल्यूशन आणि पॅनलचं रिझोल्यूशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विचारायचं ते पॅनलचं, आणि उत्तर लेखी घ्यायचं.

आता ते ६५०. तक्रार केल्यावर माणूस एकदम गोड झाला. ‘सर, रिव्हर्स पिकअप लगा देते हैं, ६५० भरो, रिफंड के साथ वापस आएगा.’ ३ एप्रिल, दुपारचा चहा, समोर थकीत कर्जांची यादी. मी भरले. का? कारण ८,४९९ परत येणार असतील तर ६५० काय, असं वाटलं. दहा मिनिटांनी माझ्या मेसेजवर एकच टिक. ती आजही एकच आहे. जीएसटी नंबर मी तपासला तो यानंतर. आयुष्यात लक्षात ठेवण्यासारखा क्रम!

मग सुरू झाली सरकारी यात्रा. चौकीत झालेला संवाद:

‘माल मिळाला का?’
‘मिळाला.’
‘चालू होतो का?’
‘होतो, पण...’
‘मग?’

पण च्या पुढे मला कुणी जाऊच दिलं नाही. पॅनल, बोर्ड, रिझोल्यूशन हे शब्द ऐकून साहेबांनी पेन खाली ठेवलं. अर्ज ठेवून जा म्हणाले. पोच द्या म्हटलं तर शिक्का कपाटात आणि कपाटाची चावी दुसऱ्या साहेबांकडे. दुसऱ्या दिवशी दुसरे साहेब म्हणाले हे सायबरचं. सायबरच्या टेबलावर उत्तर: वस्तू आली आहे, म्हणजे ग्राहक तक्रार. ग्राहक हेल्पलाइनवर म्हणाले कंपनीचं नाव सांगा. ते खोटं आहे म्हणून तर फोन केलाय ना, बाई! बँकेने सांगितलं, पिन तुम्हीच टाकला होता. खरंय, मीच टाकला होता. अकरा दिवसांनी बँकेचा मेसेज: आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे. कुणाचं समाधान झालं ते लिहिलेलं नव्हतं.

कायदा मला येतो, त्याचाच जास्त त्रास होतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे. सगळं छान. पण नोटीस कुणाला पाठवायची? बिलावरच्या पत्त्यावर रजिस्टर्ड पत्र टाकलं, ते ‘पत्ता अपूर्ण’ शेरा घेऊन परत आलं. त्या यूपीआय खात्यामागे कुणाचं तरी पॅन, कुणाचं तरी केवायसी असणारच. ते बँकेला दिसतं, मला दिसत नाही, आणि ज्यांनी मागितल्यावर बँक देईल ते शिक्क्याची चावी शोधतायत. माझ्याकडून एका क्लायंटचं रिटर्न एक दिवस उशिरा गेलं तर लेट फी आपोआप लागते, त्याला कुठल्याही साहेबाची वाट बघावी लागत नाही.

तुमचे पैसे आत्ताच गेले असतील तर हे वाचणं थांबवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पैसे त्या खात्यातून पुढे सरकायच्या आत तक्रार झाली तर रक्कम अडवता येते. मी सहा दिवस ‘केबल बदलून बघू’ करत बसलो, तिथेच हुकलं.

आणि खोका हातात आला की उलटा करा. आयात केलेल्या मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, कुठल्या देशात बनला, एमआरपी हे छापलेलं असावंच लागतं. मॉनिटरला बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणीही सक्तीची आहे. आर अक्षरापुढे आठ आकडी नंबर असतो, बीआयएस केअर ॲपवर तो टाकला की कंपनी समोर येते. माझ्या खोक्यावर छापलेलं होतं ‘हॅपी व्ह्यूइंग’.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव नवीन, हात तोच, मनगटावर तोच लाल दोरा, किंमत आता ७,९९९. रिपोर्ट केली. आमच्या नियमांचा भंग होत नाही, असं उत्तर आलं.

मॉनिटर सध्या कपाटावर आहे, खोक्यासकट, पुरावा म्हणून. ८,४९९, ६५०, केबलचे १,१५०, कारागिराचे ३००, एकूण १०,५९९. घरी मी पाच हजार सांगितलेत.